कॅमवरची कानस

विजयादशमीला अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीत प्रत्येक गाळ्यापुढे झेंडूच्या माळा लागत आणि लेथपासून कॉम्प्रेसरपर्यंत साऱ्या यंत्रांना हळदकुंकू मिळे. भालेराव इंजिनिअरिंगच्या गाळ्यात मात्र त्या दिवशी यंत्रे उघडली जात. हा नेम भगवान भालेरावांनी घातलेला होता. गाळा घेतला त्याच वर्षी शेजाऱ्याने हौसेने हार आणून दिला. तो त्यांनी दाराच्या चौकटीला बांधला आणि मुलांना म्हणाले, "यंत्राला हार घातला की त्याचे दात दिसत नाहीत. उघडा, आतलं बघा." तेव्हापासून या दिवशी सकाळी बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीपुढे पंचशील म्हणायचे, यंत्रांची झाकणे काढायची, वर्षभराचा मळ रॉकेलने धुवायचा आणि धुतलेल्या फरशीवर सगळ्या घराने मिळून जेवायचे. घरात जो काही वाद असेल तो जेवणाआधी तिथेच मांडायचा. यंत्र मात्र एकही चालवायचे नाही.

दोन हजार आठ सालच्या दसऱ्याला वाद आयताच तयार होता, आणि तो वर्तमानपत्राच्या एका कागदावर ठेवलेला होता. तळहाताएवढे, नासपतीच्या आकाराचे पोलादाचे दोन तुकडे: यंत्रातले कॅम, ज्यांच्या फिरत्या उतारावर चिमट्यांची उघडमीट ठरते. एक काळवंडलेला, जर्मनीत घडवलेला. दुसरा चकचकीत, याच गाळ्यातून आठवड्यापूर्वी गेलेला आणि काल उल्हासनगरहून परत आलेला.

"परत आलेला नग," राजरत्न म्हणाला. हात पुसायच्या चिंधीने तो एकच बोट पुन्हा पुन्हा पुसत होता. "बाबा, तुम्ही गाळा काढल्यापासून आपल्याकडे परत आलेला हा पहिला नग."

भगवानराव स्टुलावर बसून लेथच्या गिअरबॉक्समध्ये टॉर्च मारून पाहत होते.

राजरत्न हा त्यांचा थोरला मुलगा. गाळा तोच चालवी, आणि वडिलांचे एक वाक्य त्याने आयुष्यभर जपले होते: नग आला तसा गेला पाहिजे. कंपन्या बंद पडतात, परदेशातली यंत्रे म्हातारी होतात, त्यांचे सुटे भाग मिळेनासे होतात. मग लोक तुटका भाग हातात घेऊन भालेरावांकडे येतात आणि त्याचे जुळे भावंड घेऊन जातात. अंबरनाथपासून वांगणीपर्यंत त्याची ओळख ती होती. आता त्याच गाळ्यात, दर्शनी भागात, तिपाईवर एक डबा बसला होता. दोन डोळ्यांचा. पोलादावर उजेडाचे पट्टे टाकून त्याचा आकार संगणकात उतरवून घेणारा. तो आणला होता राजरत्नच्या मुलीने. प्रीती पुण्याला ज्या कंपनीत कामाला होती, त्या कंपनीने तो दोन महिने वापरून पाहायला दिला होता. उद्या संध्याकाळी टेम्पो येणार होता. डबा ठेवायचा असेल तर आज ठरवायचे. नाहीतर डबाही जाणार आणि त्याच्याबरोबर प्रीतीही.

"मी सरळ बोलतो," मुकेश म्हणाला. तो धाकटा, कल्याणला विमा कंपनीत नोकरीला आणि बदलापूरला राहणारा. "ही समोरची जागा पावडर कोटिंगवाला भाड्याने मागतोय. ट्रायल घेतली, झालं. प्रीतीचं नुकसान काहीच नाही, पुण्याची नोकरी आहेच. एक नग फेल गेला की मार्केटमध्ये बोंब होते, दादा."

"माझंही तेच म्हणणं आहे," राजरत्न म्हणाला. "स्कॅनिंग करून केलेला नग चालला नाही. संपलं."

प्रीती जमिनीवर मांडी घालून बसली होती. मांडीवर लॅपटॉप होता. तिने वडिलांकडे पाहिले, ओठ उघडले आणि मिटले.

शीलाने ते पाहिले. ती कोपऱ्यात पुऱ्यांचा डबा उघडत होती. मुलीच्या ओठांची ती हालचाल तिला लहानपणापासून ठाऊक होती: बापाला खाली पाहावे लागेल असे काही बोलायचे असले की पोर अशीच गप्प होई. शीलाला खरे तर प्रीतीने पुण्यालाच राहावे असे वाटत होते. तिथे महिन्याचा पगार होता, स्वच्छ कपडे होते. इथे नखांतले काळे कधी जात नाही. पण ज्या गोष्टीसाठी तिला परत पाठवायचे ती गोष्टच खोटी असेल तर?

"तिला तुम्हीच सांगितलं होतं ना?" शीला म्हणाली.

"काय?"

"ती म्हणत होती, झिजलेला भाग भरून काढते. तुम्ही म्हणालात, एक केसही बदलायचा नाही. नग आला तसा. मी चहा घेऊन आले तेव्हा बोलत होतात."

राजरत्नने चिंधी खाली ठेवली. पंचवीस वर्षांच्या संसारात शीला चारचौघांत त्याच्याविरुद्ध बोलली नव्हती.

"म्हणजे चूक माझी?"

"मी चूक म्हटलं का? मी फक्त चहा आणला होता."

चांगुणाबाई, भगवानरावांची पत्नी, यावर मोठ्याने हसल्या. "बरं झालं बाई, चहा आणलास! मला वाटलं, त्या लोखंडाला पावडर लावतात, टिकल्या चिकटवतात, एवढी नवरीसारखी नटवतात, तरी ते सासरी का नांदत नाही!"

"आजी, ती पावडर चकाकी मारायला असते," प्रीती हसू आवरत म्हणाली. "चकचकीत लोखंडावर कॅमेऱ्याचे डोळे दिपतात. टिकल्या नुसत्या खुणेसाठी."

एवढ्यात दारात स्कूटर थांबली आणि उल्हासनगरचे अर्जनशेठ आत आले. हातात मिठाईचा पुडा आणि प्लॅस्टिकची एक पिशवी. त्यांचा गोळ्या-चॉकलेटचा कारखाना कॅम्प चारमध्ये होता. अंबरनाथची जुनी कंपनी बंद पडली तेव्हा लिलावात त्यांनी गोळ्या गुंडाळायचे यंत्र घेतले होते. भगवानराव त्याच कंपनीत फिटर होते. म्हणून यंत्र दुखले की शेठ इकडेच येत.

"जय भीम, भगवानभाऊ. दसरा मुबारक." त्यांनी पुडा चांगुणाबाईंच्या हाती दिला आणि पिशवी फरशीवर पालथी केली. रंगीत गोळ्या घरंगळल्या. सगळ्यांच्या कागदाची टोके उलगडलेली. "देखो साईं. जुना कॅम खराब होता, गोळी उघडी पडायची. तुम्ही नवा दिला. गोळी तरी पण उघडीच! तुमच्या बेबीने बीमारी भी कॉपी करके दे दी!"

मुकेशला हसू फुटले. राजरत्नला नाही.

"शेठ, दिवाळीचा माल कधी जायचा?" भगवानरावांनी विचारले.

"जायचा होता. आता मशीन बंद, लेडीज लोक हाताने पॅकिंग करतायत. आज करून द्या ना कुछ तरी."

"आज यंत्र चालत नाही."

"मालूम आहे, पण..."

"आज नाही, शेठ."

प्रीतीने एक गोळी उचलली. कागद ओढला, सोडला. तो तिच्या बोटांत हळूच उलगडला. कागद नव्हताच तो. पातळ प्लॅस्टिक होते. तिने काळवंडलेला कॅम उचलला आणि दाराच्या उजेडात तिरका धरला. आतापर्यंत तिने संगणकात या तुकड्याचा मधोमध छेद घेऊन पाहिला होता, कारण कॅमवर टेकलेला रोलर मधोमधच फिरतो. कडांकडे तिने लक्षच दिले नव्हते. आपण वडिलांना मनातल्या मनात दोष देत राहिलो आणि स्वतः अर्धाच तुकडा पाहिला, हे तिला लख्ख कळले. पण लाजत बसायला वेळ नव्हता, आणि तो तिचा स्वभावही नव्हता.

"आजोबा, यंत्र चालवायचं नाही म्हणजे लॅपटॉप पण नाही का?"

भगवानरावांनी पत्नीकडे पाहिले. असे प्रश्न त्या सोडवत.

"तो डबा म्हणजे काय आहे?" चांगुणाबाईंनी विचारले.

"डोळा आहे, आजी. फक्त बघतो. कापत नाही काही."

"मग बघू दे. डोळ्याला सुट्टी नसते."

अर्धा दिवस गाळ्यात जेवण लांबले. प्रीतीने कॅमवर पांढरी भुकटी फवारली, दर्शनी शटर अर्धे ओढून अंधार केला आणि डब्याने तुकडा पुन्हा सगळीकडून पाहून घेतला. पडद्यावर तो हळूहळू उभा राहिला. मग तिने रंग चढवले: जिथे आकार नितळ वळणाप्रमाणे आहे तिथे हिरवा, जिथे आत बसला आहे तिथे निळा. अर्जनशेठही वेताच्या मोढ्यावर बसून राहिले. चांगुणाबाईंनी त्यांच्या हातात खिरीची वाटी दिली होती.

"पप्पा, इकडे या. काका, तुम्ही पण."

राजरत्न उठला नाही. मुकेश उठला, ओणवा झाला आणि प्रश्न विचारू लागला. ग्राहकाच्या फॉर्मवर सही घेण्याआधी सगळे तपासून पाहणे ही त्याची रोजची सवय होती.

"हा मधला निळा पट्टा काय?"

"रोलरची झीज. रोलर कॅमपेक्षा अरुंद आहे, म्हणून दोन्ही कडांना मूळचं पोलाद जसंच्या तसं राहिलंय, हिरवं. मूळ आकार कडांनी सांभाळून ठेवलाय. ही झीज मी भरून काढू शकते."

"मग इथे?" मुकेशने बोट ठेवले. "इथे तर कडेपासून कडेपर्यंत निळंच आहे."

"तेच तर. रोलर जिथे पोचतच नाही, तिथे झीज कशी होईल? हे झिजलेलं नाही, काका. हे कुणीतरी घासलंय. हाताने."

राजरत्न आता उठला. त्याने तुकडा प्रीतीच्या हातून घेतला, भुकटी अंगठ्याने पुसली, भिंग लावले. उतारावर एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेलेले, काळाने बुजत आलेले तिरपे ओरखडे. तसे ओरखडे त्याने लहानपणापासून पाहिले होते. त्यांचा कल त्याला ठाऊक होता. डावखुऱ्या माणसाच्या कानशीचा असतो तसा. त्या कंपनीत डावखुरा फिटर एकच होता.

"बाबा," तो म्हणाला. "हा तुमचा हात आहे."

भगवानरावांनी टॉर्च बंद केला. तुकडा घेतला, बोट फिरवले, आणि जुना मित्र रस्त्यात भेटावा तसे त्यांच्या चेहऱ्यावर हसू आले.

"हो रे! माझीच कानस. तेव्हा देशी मेणकागद यायला लागला होता. कच्चा, ओलसर. चिमटे टोकं पिळायचे आणि कागद फाटून जायचा. मग मी उतार घासला, चिमटे जरा लवकर सुटायला लागले. फाटणं बंद झालं. साहेबाने शिफ्टला भजी दिली होती."

"आणि आता कागद नाही, प्लॅस्टिक आहे," प्रीती म्हणाली. ती पडद्याकडे नव्हे, आजोबांकडे पाहत होती. "ते फाटत नाही, पण लवकर सोडलं की उलगडतं. त्यात रोलरच्या झिजेने चिमटे आणखी लवकर सुटतात. म्हणजे नुसती झीज भरून भागणार नव्हतं, पप्पा. तुमचं ऐकलं नसतं, माझ्या मनासारखा नग केला असता, तरी तो परतच आला असता."

राजरत्नने मान वर केली. मुलगी आपल्याला वाचवत नव्हती; ती फक्त जे होते ते सांगत होती. पण त्याच्या मनात दुसरेच काही चालले होते.

"म्हणजे तू ही जागा भरून टाकणार."

"हो."

"बाबांचा हात पुसून टाकणार."

"पप्पा, तसं नाही..."

"तसंच आहे. या हाताने मला कानस धरायला शिकवलं. आम्ही मोरिवलीच्या चाळीत राहायचो तेव्हा ड्युटीवरून आल्यावर हे मला चौकोनी तुकडा घासायला लावायचे; कोपरा ढळला की नवा तुकडा. कुठल्या जर्मनाने काय काढलं होतं ते मला माहीत नाही. हे मला माहीत आहे. हे मी पुसणार नाही."

मुकेशला वडिलांचा तो चौकोनी तुकडा आठवला. त्याने दोनदा कोपरा ढाळला होता आणि तिसऱ्यांदा कानस खाली ठेवून अभ्यासाला बसला होता. दादाने मात्र ती सोडली नव्हती. आज पहिल्यांदाच त्याला वाटले की आपण दर्शनी जागेचे भाडे मोजत होतो तेव्हा दादा काहीतरी वेगळेच राखत होता. आणि तरीही, मुकेशला हेही दिसत होते की पुतणी बरोबर आहे.

"राजा," भगवानराव म्हणाले, "आज शेजारी काय चाललंय?"

"पूजा."

"आणि आपण का करत नाही?"

राजरत्नने अंगठ्यावरची भुकटी चिंधीला पुसली.

"आपण यंत्राला हार घालत नाही. मग माझ्या कानशीला कशाला घालतोस? मी ते कागदासाठी घासलं होतं, आठवण म्हणून नाही. कागद गेला. आता कॅम बदलायचा. मी कामावर असतो तर मीच बदलला असता, आणि तुला विचारलंही नसतं."

"नग आला तसा गेला पाहिजे, हे तुम्हीच म्हणायचात."

"म्हणायचो. कारण तेव्हा माझ्याकडे पाहायला दुसरं काही नव्हतं. समोर आलेला नग, बस. त्याच्या आत कोण कोण हात लावून गेलंय ते कळायला मार्ग नव्हता." त्यांनी दोन डोळ्यांच्या डब्याकडे मान केली. "याला कळतं. माझी चालाखी इतक्या वर्षांनी पकडली की नाही त्याने!"

अर्जनशेठ वाटी खाली ठेवत म्हणाले, "भगवानभाऊ, तुम्ही घासलं किती होतं? तेवढं सांगा, बेबी तेवढं भरून देईल. काम खतम."

"ते कोण लक्षात ठेवतं, शेठ? घासत गेलो. मशीन चालली तेव्हा थांबलो."

प्रीती हसली. "मग आपणही तसंच करू. घासलेल्या जागेच्या मागचं-पुढचं वळण शाबूत आहे. ते जोडून मूळ आकार कुठे असेल ते मी काढते आणि तिथे रेषा मारते. पण कापताना रेषेच्या बाहेर थोडं पोलाद जास्त ठेवते. आधी कच्च्या, पाणी न दिलेल्या पोलादात, म्हणजे कानस चालेल. जास्त असलं तर घासता येतं. कमी पडलं तर काय, नवा नग."

राजरत्नने तिच्याकडे पाहिले. जास्तीचे पोलाद ठेवून यंत्रावर जुळवणे ही फिटरची रीत होती. ती त्याने मुलीला शिकवलेली नव्हती. तिला तसा कधी त्याने तुकडाही घासायला दिला नव्हता.

"उद्या सकाळी शेजारच्या वायरकट मशीनवर कापायला लावू," तो म्हणाला. "जेवून घ्या आता."

वादाचा निकाल असा कुणी दिला नाही. डबा राहणार की जाणार हे कुणी उच्चारले नाही. पण पुऱ्या वाढताना शीलाने पाहिले की नवऱ्याने दोन्ही कॅम कागदात गुंडाळून आपल्या ताटाशेजारी ठेवले आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी अर्जनशेठच्या कारखान्यात भगवानरावांना यंत्राशेजारी खुर्ची दिली गेली. मुकेशने रजा टाकून त्यांना गाडीतून आणले होते. टेम्पोवाल्याचा नंबर त्याच्याच फोनमध्ये होता आणि त्याचा फोन दोनदा येऊन गेला होता. बायका हातांनी गोळ्या गुंडाळता गुंडाळता मान वळवून पाहत होत्या. नवा कॅम बसवला. त्याच्या बाजूला निळा रंग लावून प्रीतीने बारीक रेषा कोरली होती. रेषेबाहेर नखाच्या जाडीपेक्षा कमी असे पोलाद उरले होते.

शेठने कळ दाबली. चिमटे पिळू लागले, पिळतच राहिले, आणि गोळ्यांची टोके तुटून ताटात पडली.

"अरे साईं! आधी उघडी, आता मुंडकीच उडवली!"

"बरोबर आहे," प्रीती म्हणाली. तिचा आवाज जराही हलला नाही. "जास्त ठेवलंय, म्हणून उशिरा सुटतंय. आता कमी करायचं."

कॅम उतरवून बाकावरच्या शिकंज्यात धरला. कानस राजरत्नच्या पेटीत होती. त्याने ती काढली, मुठीला घट्ट बसवली आणि पोलादावर टेकवली. मग हात थांबला. आजवर असा हात थांबला की तो वडिलांकडे पाहत असे. भगवानराव खुर्चीतच होते, दोन हातांच्या अंतरावर. राजरत्नने मान वळवली ती दुसरीकडे.

"किती?" त्याने मुलीला विचारले.

"रेषा ठेवून, पप्पा. रेषा जाऊ द्यायची नाही."

तो घासू लागला. कडेपासून कडेपर्यंत, एका लयीत. मध्ये थांबून कॅम चढवला. टोके तुटणे कमी झाले होते, पण थांबले नव्हते. पुन्हा उतरवला. पुन्हा घासला. रेषेला कानस टेकते न टेकते तोच त्याने हात उचलला आणि प्रीती त्याच क्षणी "बस" म्हणाली.

यंत्र सुरू झाले. गोळ्या पडू लागल्या. शेठने एक उचलली, टोक सोडून पाहिले. ते उलगडले नाही. दुसरी उचलली. मग त्यांनी मूठभर उचलल्या, बायकांच्या पुढ्यात टाकल्या आणि ओरडले, "बंद करो हाताचं काम! जाओ, सब चाय पियो!"

भगवानरावांनी एक गोळी घेतली, दोन्ही टोके धरून ओढली आणि तोंडात टाकली.

"चांगलं पिळलंय," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा."

मुकेशचा फोन तिसऱ्यांदा वाजला. त्याने भावाकडे पाहिले. "दादा, टेम्पोवाला. आनंदनगरच्या नाक्यावर उभा आहे. काय सांगू?"

राजरत्न कानशीच्या दातांतला कीस ब्रशने काढत होता. तो त्याने नीट काढून घेतला, मग म्हणाला, "भाडं देऊन परत पाठव त्याला. आणि तुझ्या त्या पावडर कोटिंगवाल्याला सांग, जागा नाही."

"प्रीतीला एकदा विचार तरी."

"विचारतोय ना." तो मुलीकडे वळला. "त्या डब्याला ऊन चालत नाही, बरोबर? माझी ड्रिल मशीन आतल्या कोपऱ्यात आहे, ती पुढे घेऊ. तू आत ये."

प्रीतीने क्षणभर त्याच्याकडे पाहिले. तो त्या कोपऱ्यात वीस वर्षे उभा राहिला होता. फरशीवर त्याच्या पावलांची जागा गुळगुळीत झाली होती.

"ऊन चालत नाही," ती म्हणाली, "आणि हादराही. लेथ शेजारीच आहे, पप्पा."

"मग पाया वेगळा घालू," राजरत्न म्हणाला. "फरशी फोडून."